मियोचा हुंदका

बायकोच्या, मियोच्या पुण्यतिथीला कुसाका दरवर्षी चारचौघांना घरी बोलवायचा. फोटोपुढे उदबत्ती लागली, साकेचे दोन घोट पोटात गेले, की मियोने लग्नाआधी गायलेली एकुलती एक रेकॉर्ड लावायचा. शेवटच्या ओळीला तिला हुंदका फुटायचा. कुसाका डोळे पुसत सांगायचा, "लग्नाच्या आदल्या महिन्यातलं आहे हे. माझ्यासाठी रडलीय."

पाहुणे माना डोलवायचे. इवानागा तेवढा खाली बघत संत्रं सोलत बसायचा. योकोहामाच्या एका गल्लीत त्याचं रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि तो हुंदका नाही हे जगात एकट्या त्याला ठाऊक होतं. गाणं रेकॉर्ड झालं तेव्हा स्टुडिओत मशीनवर तोच बसला होता. शेवटच्या ओळीला त्याने काचेपलीकडून नाकात पेन्सिल खुपसून दाखवली आणि मियो खुदकन हसली. "परत नको रे गायला," ती म्हणाली, "राहू दे तसंच." त्या एका हसण्यावर हा बाबा जन्मभर बिनलग्नाचा राहिला.

त्या हसण्याचा हुंदका केला विजेने. कुसाकाने प्लेअर घेतला तो मियो गेल्यानंतर, ओसाकाला बदलीवर असताना. ओसाकाची वीज सेकंदाला साठ हेलकावे खाते, योकोहामाची पन्नास, आणि जुनी मोटर विजेच्याच तालावर नाचते. रेकॉर्ड योकोहामाच्या घरीच राहिली होती; परतून ती पहिल्यांदा लावली तेव्हा थाळी रेंगाळत फिरू लागली, पोरीचा आवाज घोगरा झाला, गाण्याचा विलाप झाला. बदलीवाल्यांना दुकानदार हे हमखास बजावतो. पण कुसाका पडला बँकेतला बडा साहेब, त्याला कोण बजावणार? घरात दुसरी रेकॉर्ड नव्हती. गेलेल्या माणसाचा आवाज असाच येत असेल, असं तो धरून चालला होता.

आपण दयेपोटी गप्प आहोत, असं इवानागा स्वतःला सांगायचा. सांगायला काय जातं! खरं तर त्याला गुदगुल्या व्हायच्या. बायको खिदळतेय आणि हा गडी रडतोय, आणि ते खिदळणं माझं आहे, या समाधानावर त्याचं वर्ष निघायचं.

या वर्षी मात्र कुसाकाने हद्द केली. सगळ्यांदेखत म्हणाला, "इवानागा, मोटर फार घरघरते रे. नवी बसव, वीजपुरवठ्याचंही काहीतरी चांगलं बघ. हुंदका कसा स्वच्छ ऐकू आला पाहिजे. तुझ्यासमोरच रडली ना ती? पण तुला काय कळणार म्हणा. तुझ्यासाठी कुत्रं तरी रडलंय का कधी?"

पाहुणे हसले. इवानागाही हसला.

दोन रविवार सोडून तो नवी मोटर आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आला. भिंतीतली वीज कशीही असो, हा डबा मोटरला आपला स्वतःचा ताल द्यायचा. त्यावर वेगाचं एक गोल बटण होतं. जुन्याच संथ वेगावर ते ठेवणं इवानागाच्या हातात होतं. त्याने वेग तपासायची रेघांची चकती थाळीवर ठेवली आणि दिव्याखाली रेघा जागच्या जागी थांबेपर्यंत बटण फिरवलं. वेग अगदी बरोबर लागला.

"ऐक आता," तो म्हणाला.

गाणं टुणटुणीत निघालं. कुसाकाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ही कोण?"

"तुझी बायको. इतकी वर्षं तुझं मशीन कूर्मगतीने चालत होतं."

शेवटची ओळ आली आणि मियो हसली. अगदी स्वच्छ हसली. कुसाकाचा चेहरा पांढराफटक पडला.

"कुणाला हसतेय?"

"मला," इवानागा म्हणाला. हा शब्द त्याने आयुष्यभर जिभेखाली जपला होता. "नाकात पेन्सिल घातली होती मी. तू कुठेच नव्हतास रे त्यात."

तो आता रडेल, म्हणून इवानागा आशेने बघत राहिला. कुसाका रडला नाही. त्याने रेकॉर्ड उचलली, दोन्ही हातांत धरली.

"त्या बटणाने वेग कमी होतो?"

"होतो, पण..."

"कमी कर."

"अरे, हा तिचा खरा आवाज आहे!"

कुसाकाने रेकॉर्डला बाक दिला. ती करकरली.

"मोडेल ती! एकच आहे, कुसाका!"

"मग रडव तिला."

इवानागाने रेकॉर्ड परत थाळीवर ठेवली, सुई शेवटच्या ओळीवर टेकवली. मियो हसली. त्याने बटण जरा मागे फिरवलं, सुई पुन्हा ठेवली. आता हसणं जड झालं. आणखी फिरवलं, ते घशात अडकलं. प्रत्येक वेळी, काचेपलीकडे हसताना मागे गेलेली तिची मान त्याला दिसत होती. त्याने पुन्हा सुई ठेवली. मियोने हुंदका दिला.

"अजून थोडं," कुसाका डोळे मिटून म्हणाला. "हं. बस. आता ते बटण चिकटवून टाक. आणि पुण्यतिथीला लवकर ये हं. आवाज कुणी सुधारला ते सगळ्यांना सांगायचंय."

इवानागाने पिशवीतून गोंदाची नळी काढली.