घडी न पडणारा तक्ता

महामारीनं दवाखान्याला कुलूप लावलं आणि समुपदेशक बाईंचं टेबल गेलं. घराण्यात चालत आलेले आजार लोकांना समजावून सांगणं हे त्यांचं काम. ते आता झोपायच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून चालायचं. भिंतीपलीकडे नवरा ऑफिसातल्या लोकांना दिवसभर विचारायचा, "माझं ऐकू येतंय का?" लग्नाला अठरा वर्षं झाली होती, बायकोला त्यानं हे कधी विचारलं नव्हतं.

बाईंचा जीव थाऱ्यावर नसायचा. दवाखान्यात समोरचा माणूस अख्खा दिसे. त्याचा हलणारा पाय, पिशवीचा बंद पिळणारी बोटं बघून कुठं थांबायचं ते कळे. आता दिसायचं नुसतं डोकं, तेही कधी अर्धं. बाई उठायच्या, वायर हलवून बघायच्या, बसायच्या, पुन्हा उठायच्या.

त्या सकाळी पडद्यावर दोन बहिणींतली धाकटी होती, पाच महिन्यांची गरोदर. आई स्तनाच्या कॅन्सरनं गेली, मग आपणही तपासून घ्यावं का, हे तिला विचारायचं होतं. तिची थोरली बहीण सात महिन्यांपूर्वीच बाईंकडे येऊन गेली होती. आईच्या जनुकातला दोष थोरलीत उतरला होता. "धाकटीला मीच सांगेन," तिनं बजावलं होतं, "तुम्ही अवाक्षर काढू नका." बाईंनी शब्द दिला होता.

असे शब्द पाळायची बाईंची एक रीत होती. घराण्याचा तक्ता त्या कागदावर काढत. बाईमाणसाला गोल, पुरुषाला चौकोन, दोष सापडला की आकृती काळी. दुसऱ्या नातलगापुढे तोच तक्ता धरताना गुपित असेल तिथं कागद दुमडत. इतक्या वर्षांत हाताला ते सांगावंही लागत नसे.

"आईकडून लेकीकडे येतं म्हणजे नेमकं कसं?" धाकटीनं विचारलं.

"थांबा, तक्ताच दाखवते," बाई म्हणाल्या आणि बटण दाबलं. तक्ता आता कॉम्प्युटरवर होता. त्याला घडी पडत नव्हती.

पलीकडचं डोकं पुढं सरकलं.

"हा काळा गोल आईचा. मग त्याच्याखालचा?"

बाईंनी घाईघाईनं तक्ता बंद केला.

"ती ताई आहे ना, मॅडम?"

"मला त्यावर बोलता येणार नाही," बाई म्हणाल्या आणि म्हणता म्हणताच त्यांना कळलं, आपण बोलून बसलो. "चूक माझी आहे. ते तुम्हाला दिसायला नको होतं."

"म्हणजे ताईला माहीत होतं," धाकटी म्हणाली आणि पडद्यावरून नाहीशी झाली.

नेटवर्क गेलं असेल, अशी वेडी आशा बाईंनी दोन मिनिटं धरली. खोलीत चार फेऱ्या मारल्या. स्वतःचा भयंकर राग आला होता. मग त्यांनी थोरलीला फोन लावला आणि काहीही न लपवता सगळं सांगून टाकलं.

"आधी तिची नोकरी गेली म्हणून थांबले," थोरली म्हणाली. "मग तिला दिवस राहिले म्हणून. रोज ठरवायचे, आज सांगू. आता ती विचारणार, सात महिने माझ्याशी हसून कशी बोललीस? काय सांगू मी तिला?"

"माझं चुकलं," एवढंच बाई पुन्हा म्हणाल्या.

"तिचाच फोन येतोय," थोरली म्हणाली. "मॅडम, घेऊ का?"

माहिती द्यावी आणि निर्णय ज्याचा त्याच्यावर सोडावा, हा बाईंच्या विद्येतला पहिला धडा. उभ्या नोकरीत त्यांनी कुणाला 'असं करा' म्हणून सांगितलं नव्हतं.

"घ्या," बाई म्हणाल्या. "आणि दोघी मिळून मला शिव्या घाला."