मोठ्याने व स्पष्ट आवाजात

"आरोपीस तिचे सर्व हक्क मोठ्याने व स्पष्ट आवाजात वाचून दाखविण्यात आले. ते समजल्याचे तिने मान हलवून मान्य केले व त्याच रीतीने गुन्ह्याची कबुली दिली."

पोलिसांच्या या निवेदनात एकही शब्द खोटा नव्हता. आवाज मोठा होता. शेजारच्या खोलीतल्या शिपायानेही तशी साक्ष दिली होती. फक्त आरोपी जन्मापासून ठार बहिरी होती. शिवणकामाच्या कारखान्यात ती इस्त्री करायची. तिथे लागलेल्या आगीचे खापर तिच्यावर फुटले होते, आणि पुरावा म्हणून होती ती एवढी हललेली मान. ती ग्राह्य ठरली, की तुरुंग अटळ होता.

सुनावणीच्या सकाळी सरकारी वकील आपला युक्तिवाद मावशीपुढे घोळवत होता. मावशीची हयात कायदा शिकवण्यात गेली होती.

"ती ओठ वाचते, मावशी. कारखान्यात तिचं काही अडत नाही. शिवाय परदेशातला निकाल आहे माझ्याकडे. हक्क सांगितले, की पोलिसांचं कर्तव्य संपलं."

"दुसऱ्या देशातलं न्यायालय म्हणतं, समोरच्याला कळेपर्यंत ते संपतच नाही. तो निकाल कुठे दडवलास?"

"तो आपल्यावर बंधनकारक नाही."

"आणि तुझा आहे होय? वा रे वा! सोयीचा निकाल पाहुणा, गैरसोयीचा परका!" मावशीने कप खाली ठेवला. "नियम दोन्हीकडे तोच आहे रे. न्यायालय तो कोणाच्या शेजारी उभं राहून वाचतं, एवढाच प्रश्न. सांगणाऱ्याच्या, की ज्याला सांगायचं त्याच्या?"

"तू माझी मावशी आहेस की तिची?"

"ओठ वाचते म्हणालास ना? मग विचार तुझ्या अधिकाऱ्याला, वाचताना त्याचं तोंड कुठे होतं."

न्यायालयात तपास अधिकारी पिंजऱ्यात उभा राहिला, तेव्हा सरकारी वकील मावशीचा प्रश्न मनात घेऊन उठला. हा प्रश्न त्याने विचारलाच पाहिजे, असे कोणतेही बंधन नव्हते. बचावाच्या वकिलाला तो सुचलाही नव्हता.

"हक्क त्या दिवशी वाचलेत, अगदी तसेच वाचा," तो म्हणाला. "खुणांच्या भाषेत सांगणाऱ्या दुभाष्या बाईंनी तेवढा वेळ हात थांबवावेत."

अधिकाऱ्याने कागद घेतला. एकही शब्द सुटू नये म्हणून ओळीखाली बोट धरायचे, ही त्यांच्या ठाण्याची शिस्त. मान खाली घालून तो खणखणीत आवाजात वाचू लागला. आरोपीच्या बाकावरून दिसत होता तो त्याचा नीट पाडलेला भांग. ती डोळे ताणून, पुढे झुकून ओठ शोधत होती.

वाचन संपले. अधिकाऱ्याने मान वर केली.

आणि तिने मान हलवली!

दालनात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. अर्थात, सगळ्यांना नव्हे.

"ही कबुली..." वकील न्यायाधीशांकडे वळला. "ही कबुली मी पुराव्यातून मागे घेतो. मी चुकीच्या बाजूला उभा राहून कायदा वाचत होतो."

नागरिकहो, हक्क उच्चारला म्हणजे दिला, असे समजणारा देश कोणताही असो, तिथले कायद्याचे पुस्तक बहिऱ्यापुढे केलेले भाषण आहे. हक्क पोहोचला, तरच तो दिला गेला.

न्यायाधीशांनी दुभाष्या बाईंमार्फत आरोपीला विचारले, मान का हलवलीत? तिचे उत्तर जसेच्या तसे नोंदवले गेले:

"साहेब बोलायचे थांबले. माणसं बोलायची थांबली, की मी मान हलवते. नाही हलवली, तर ती चिडतात."