दुसरी चूल

पूर्वेस: गावाची गल्ली

या बाजूच्या खोलीत शांता राहायची. पश्चिमेच्या खोलीत तिची थोरली जाऊ रंगूबाई, रंगूबाईचा मुलगा संघपाल, सून प्रीती आणि नात. दोघी जावा विधवा. मधल्या भिंतीला दार नव्हतं, नुसती चौकट. चूल एकच. रंगूबाई भाकरी थापायची, शांता भाजायची. जवळच्या नवनगरातल्या एका खानावळीला रोज इथूनच भाकरी जायच्या. शांताला मूलबाळ नाही. संघपाल लहानपणी कुणाच्या कुशीत झोपायचा, यावरून दोघी अजून भांडायच्या.

पश्चिमेस: लेआउटचा रस्ता

शहर या बाजूनं आलं. आधी लेआउटच्या प्लॉटांना खुणेचे दगड, मग गटार, मग बंगले. मग रस्ता रुंद करायचं निघालं आणि शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. बंगलेवाल्यांना रस्ता हवा होता, गाववाल्यांना गावातच घर. तोडगा निघाला, आणि तो वाईट नव्हता. पाडायच्या घरांपैकी ज्यांचं दार लेआउटकडे, त्यांना लांब तारिहाळच्या बाजूला इमारतीत फ्लॅट. ज्यांचं दार गल्लीकडे, त्यांना गावठाणात घर बांधून. शहरालाही मिळालं, गावालाही मिळालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संघपालनंही.

त्यांच्या घराला दोन्हीकडे दारं होती.

दक्षिणेस: भिंत. भिंतीला चूल

संघपाल म्हणाला, पाहणीला येणारे चुली बघतात. दोन चुली दिसल्या तर दोन कुटुंबं. दोन कुटुंबं तर दोन घरं. काकू आपल्याबरोबर फ्लॅटमध्ये राहील, गावातलं घर पोरीसाठी राहील.

यात कुणाला खोटं वाटलं नाही. गल्लीत बऱ्याच जणांनी हेच केलं होतं.

शांतानं आपल्या खोलीत स्वतः माती मळून चूल घातली. नवी ओळखू येऊ नये म्हणून ओलं सरपण जाळून भिंत काळी केली. मधली चौकट विटांनी बुजवली. पहिल्या दिवशी भिंतीपलीकडून तिची हाक आली, "अक्का, आज माझ्याकडं जेवायला ये. पण भांडून ये."

रंगूबाई गल्लीला वळसा घालून गेली. हसून हसून दोघींना घास गिळेना.

मग पाहणीचा साहेब आला. त्यानं चुलीतल्या राखेत हात घातला, काळी भिंत बघितली, आणि दोघींकडे बघत राहिला. दोघींच्या अंगावर एकाच ताग्यातली लुगडी होती.

"बेरे इद्दीरेन्री?" वेगळ्या राहता का?

नुसतं हो म्हणायचं ठरलं होतं. पण साहेब किंचित हसला आणि रंगूबाई घाबरली.

"हिचं माझं काही नाही, साहेब," ती कानडीत मोठ्यानं म्हणाली. "ही मेली तरी मला दुसऱ्यानंच येऊन सांगावं लागंल."

साहेबानं लिहून घेतलं. शांता खाली बसली आणि चुलीतली लाकडं नीट करू लागली. चूल पेटलेली नव्हती.

संध्याकाळी या वाक्यावर सगळे हसले. शांता जरा उशिरानं हसली.

उत्तरेस:

(घर पाडलं. लिहायला सीमा उरली नाही.)

दोन्ही घरं मिळाली. अट एवढीच की ज्याच्या नावावर घर, त्यानंच तिथं राहायचं. कुलूप दिसलं तर घर परत. म्हणून शांता गावातल्या घरात एकटी राहिली. त्यात घरांच्या यादीत नाव न आलेल्या एका माणसानं अर्ज दिला: या दोन बायका एकाच घरातल्या, एका चुलीवरच्या. चौकशी लागली.

रंगूबाई फ्लॅटमध्ये थापायची, भाजायची, आणि भाकरी ताटात तशीच राहायची. खानावळीनं दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली होती. एके दुपारी ती म्हणाली, मी ऑफिसात जाऊन खरं काय ते सांगते. प्रीती पोरीला उचलून आत गेली. संघपाल हळू आवाजात म्हणाला, दोन्ही घरं जातील, आई. मग त्यानं काकूला फोन लावून दिला.

शांतानं सगळं ऐकून घेतलं.

"अक्का, तू गप्प बस. पोरीच्या डोक्यावर छप्पर राहू दे. आणि चौकशी मिटेपर्यंत इकडं येऊ नको."

चौकशी मिटेना. रंगूबाई गेली.

बसनं नवनगरला उतरून ती गावठाणापर्यंत चालत आली. शांता दारात बसून ज्वारी पाखडत होती. वाळलेली दिसत होती. मनगटावर भाजल्याचा डाग होता, त्याला काही लावलेलं नव्हतं. समोरच्या कट्ट्यावर तो अर्ज देणारा माणूस बसला होता. त्यानं रंगूबाईला बघितलं आणि मग शांताकडे बघितलं.

शांता उठून उभी राहिली. सुपातली थोडी ज्वारी सांडली.

"यार बेकागित्री?"

कोण हवं होतं. आयुष्यात दोघी एकमेकींशी कधी कानडीत बोलल्या नव्हत्या.

रंगूबाईला नाव सुचेना. कुणाचंच. शेवटी तीही कानडीत म्हणाली, कुणी नाही, बाई, वाटेनं चालले होते, तहान लागली.

शांतानं आतून तांब्या आणून दिला. देताना बोटं लागली नाहीत, इतकी तिनं काळजी घेतली. रंगूबाई उंबऱ्याबाहेर उभी राहून प्यायली. हळूहळू, घोट घोट, तांब्याच्या काठावरून बघत. शांता चौकटीला धरून उभी होती. पाणी होतं तोवर दोघींना समोरासमोर उभं राहता येत होतं.

पाणी संपलं. कट्ट्यावरचा माणूस उठला नव्हता.

रंगूबाईनं रिकामा तांब्या पुढं केला आणि आणखी पाणी मागितलं.