झार घरी नव्हता

कानडी मुलखातल्या राजाजीनगरच्या मराठी मंडळात गुंडूराव एकोणीस वर्षं अध्यक्ष होते. त्यांची शिंक एवढी दांडगी, की ते मंडळात शिंकले की मेट्रोतली माणसं आपलं स्टेशन आलं समजून उतरायची. हे खोटं वाटत असेल तर राहू दे, पण त्यांचा हुकूम त्याहून मोठा होता हे मात्र अगदी खरं.

यंदा हुकूम निघाला, की मागची खोली रिकामी करा, तिथं अध्यक्षांचं दालन होणार. त्या खोलीत कस्तुरीबाई दर रविवारी बावीस पोरांना मराठी वाचायला शिकवायच्या. जन्मभर हायस्कुलात इतिहास शिकवून रिटायर झालेली बाई. नवरा, बिंदुमाधव, दोन वर्षांमागं गेला आणि घरात बोलायला भिंतीच उरल्या. रविवार होता म्हणून बाकीचे सहा दिवस निघायचे.

मंडळातल्या बऱ्याच बायकांनी अर्जावर सह्या केल्या, ताटात नारळ ठेवला आणि गुंडूरावांच्या दारात गेल्या. दार तुंगाबाईंनी उघडलं, गुंडूरावांच्या पत्नीनं. मान खाली घालून म्हणाल्या, "हे घरी नाहीत, अक्का. होसकोट्याला गेलेत, कारखान्यात."

तेवढ्यात आतून शिंक आली. ताटातला नारळ हलला म्हणतात.

तुंगाबाईंचे कान लालबुंद झाले. दुसऱ्या दिवशी पोरांची बाकं जिन्याखाली आली, आणि कस्तुरीबाईंना चिठ्ठी आली: कै. बिंदुमाधव यांचं नाव यादीतून कमी केलेलं असल्यानं आपण सभासद नाही, सबब आपली तक्रार विचारात घेता येत नाही.

"म्हणजे काय?" शुभदानं विचारलं. ही पुण्याहून आलेली, आयटीतली. तिची पोरगी कस्तुरीबाईंच्या वर्गात.

"सभासद म्हणजे घरातला कर्ता पुरुष. पहिल्यापासून तसंच आहे."

"काकू, मी काल सगळी नियमांची पीडीएफ वाचली. नियम चार. कोणीही प्रौढ मराठी भाषक. पुरुष असं कुठंच लिहिलेलं नाही. फॉर्म भरून सेक्रेटरीच्या हातात दिला की त्या मिनिटाला मेंबर."

"मग इतकी वर्षं कुणी भरला का नाही?"

"कुणी मागितलाच नाही ना."

कस्तुरीबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मग उठल्या आणि सरळ गुंडूरावांना फोन लावला. "अण्णा, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भाषण ठेवता का? रशियात झारशाहीविरुद्ध क्रांती का झाली, त्यावर बोलीन म्हणते."

गुंडूरावांना तेवढा कार्यक्रम भरायचाच होता. "रशिया ना? सरी, सरी, चालेल. लांबचा विषय बरा, भांडणं होत नाहीत. स्वल्प वीस मिनिटं बोला."

रविवारी हॉल भरला. बायका एकीकडं, पुरुष एकीकडं, मधे एळ्ळु-बेल्लाच्या, म्हणजे इकडच्या तीळगुळाच्या, पुड्या. गुंडूराव पहिल्या रांगेत, तीळगूळ चघळत.

"लोकांना वाटतं, क्रांती एका दिवसात झाली," कस्तुरीबाई म्हणाल्या. "तसं नसतं. आधी शेतकऱ्यांना मोकळं केलं म्हणाले, आणि त्यांच्याच जमिनीसाठी वर्षानुवर्षं हप्ते भरायला लावले. कारखान्यात माणसं अकरा अकरा तास राबायची आणि तोंड उघडायची सोय नाही. मग एकोणीसशे पाच साली, असाच जानेवारीतला रविवार, लोक अर्ज घेऊन राजवाड्याकडं निघाले. बायकापोरांसकट. हातात देवाच्या तसबिरी, झारच्यासुद्धा. बाप म्हणायचे ते त्याला. बापाला कळलं की तो ऐकेल, एवढंच त्यांचं म्हणणं. शिपायांनी गोळ्या घातल्या."

कस्तुरीबाईंनी पदर सारखा केला.

"आणि झार घरी नव्हता." त्यांनी पहिल्या रांगेकडं बघितलं. "तो खरंच नव्हता हं. दुसऱ्या वाड्यात होता."

बायकांच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं. गुंडूरावांचं चघळणं थांबलं.

"पुढं त्यानं लोकांनी निवडलेली सभा भरवली. सभा बोलायला लागली की बरखास्त केली. पुन्हा भरवली, पुन्हा बरखास्त. मग युद्ध आलं. शिपायांना बंदुका पुरेनात, शहरात पाव मिळेना. शेवटी रस्त्यावर पहिल्या कोण आल्या माहीत आहे? गिरणीतल्या बायका. पावाच्या रांगेत उभं राहून पाय दुखले होते त्यांचे. माझं भाषण संपलं. आता वाण."

वाण म्हणून प्रत्येकीच्या हातात एक कागद आणि एक पेन आलं. सभासदत्वाचा फॉर्म. वाण काही नाकारता येत नाही, गुंडूरावांच्या गटातल्या बायकांनीही घेतलं. शुभदानं उभ्याउभ्या भिंतीवर कागद धरून सही केली आणि सेक्रेटरी विनोदकुमारच्या हातात दिला. मागं रांग लागली.

"हे काय चाललंय?" गुंडूराव उठले. "विनोद, एकही घेऊ नको."

"नियम चार आहे, अण्णा," विनोदकुमार कागदांच्या ढिगाऱ्याआडून म्हणाला. "आणि आमच्या हिचाही आलाय. न घेऊन घरी कसं जाऊ?"

रांगेत शेवटच्या तुंगाबाई. त्यांनी सही केली, मग कस्तुरीबाईंसमोर आल्या आणि कुंकवाचं बोट त्यांच्या कपाळाला लावलं. दोन वर्षांत कुणी लावलं नव्हतं. हॉलमधे चुळबूळ झाली. तुंगाबाईंनी तिकडं बघितलंही नाही.

"मीपण वाण आणलंय," त्या म्हणाल्या, आणि कमरेची किल्ली सोडून कस्तुरीबाईंच्या ताटात ठेवली. मागच्या खोलीची. अध्यक्ष सगळं हरवायचे, म्हणून मंडळाच्या किल्ल्या पहिल्यापासून तुंगाबाईंकडंच.

"तुंगा, किल्ली परत घे."

"दिलेलं वाण परत मागतात का कुठं?" त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि त्या दिवशी मला खोटं बोलायला लावलंत. तेवढं मी विसरले नाही."

गुंडूरावांनी तोंड उघडलं, पण त्यांना शिंक आली. अशी, की व्यासपीठामागचा कापडी बोर्ड खाली आला.

"घरी आहेत वाटतं," कस्तुरीबाई म्हणाल्या, किल्ली उचलली आणि जिन्याकडं निघाल्या. "चला गं, दोघी दोघी एक बाक धरा. पुढच्या रविवारी पोरं जिन्याखाली बसणार नाहीत."