टायपिस्टबाईंची बॅटरी

“ह्यात चार प्रकारचा उजेड आहे, आजी,” दुकानदार बटण दाबत म्हणाला. “मंद, मध्यम, प्रखर आणि हा लुकलुकणारा.”

“चार कशाला? अंधार तर एकाच प्रकारचा असतो,” टायपिस्टबाई म्हणाल्या आणि बॅटरी त्यांनी काउंटरवरून परत त्याच्याकडे सरकवली.

शेजारी उभ्या असलेल्या सुनेने हसू ओठांतच दाबलं. हे दुसरं दुकान होतं. पहिल्या दुकानात एक बॅटरी जड निघाली होती, दुसरी पोरखेळ वाटली होती, आणि कपाळाला पट्ट्याने बांधायची एक दाखवल्यावर तर बाई म्हणाल्या होत्या, “मला काय खाणीत उतरायचंय?”

नोकरी संपून बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना अजून टायपिस्टबाईच म्हणत. कोर्टासमोरच्या एका खोलीत यंत्रावर बोटं आपटत त्यांनी उभा जन्म काढला होता. लोकांच्या वाटण्या, भाडेकरूंचे तंटे, नवराबायकोचे काडीमोड, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलं. वकिलाचं शेवटचं वाक्य सांगून होतंय तोवर कागद यंत्रातून बाहेर. नवरा लवकर गेला. मुलाला त्यांनी त्याच बोटांच्या जोरावर वाढवलं.

घरातली जुनी बॅटरी नवऱ्याने आणलेली. स्टीलची, लांबलचक, चोराने दुरूनच हात जोडावेत अशी. मुलाचा सुजलेला घसा तिच्याच उजेडात पाहिलेला, पलंगाखाली गडप झालेल्या गोट्याही तिनेच शोधलेल्या. आणि गेल्या आठवड्यात संध्याकाळी वीज गेली तेव्हा बाई जिन्यावरून पडल्या. भुवईला टाके पडले, कोपर काळंनिळं झालं.

“बॅटरीने ऐन वेळी दगा दिला,” त्यांनी मुलाला सांगितलं.

मुलगा भयंकर रागावला. तो घाबरला की रागावतो, हे त्याच्या आईला ठाऊक होतं. “पुरे झालं एकटीचं राहणं,” तो म्हणाला. “ह्या घराला कुलूप लावायचं आणि आमच्याकडे यायचं.”

“बॅटरी बिघडली म्हणून कुणी घर बदलतं का?” बाई म्हणाल्या. मग सूनच मध्ये पडली. आधी नवी बॅटरी तर आणू, पुढचं पुढे. म्हणून आज दोघी बाजारात आल्या होत्या.

दुकानदाराने आणखी एक डबा उघडला. ही बॅटरी आटोपशीर होती, काळी, देखणी. त्याने ती लावून छतावर उजेडाचं चकचकीत वर्तुळ पाडलं.

“बटण चांगलं नाही,” बाई म्हणाल्या.

सून चमकली. बटणाला तर सासूबाईंनी हातही लावला नव्हता. मग तिच्या ध्यानात आलं, सकाळपासून त्यांनी एकही बॅटरी स्वतः लावून पाहिली नव्हती. लावत होता तो दुकानदार. बाई नुसती नावं ठेवत होत्या.

“आई, तुम्ही लावून बघा ना,” तिने ती बॅटरी त्यांच्या हातात दिली.

बाईंनी अंगठा बटणावर ठेवला. दाबला. काहीच झालं नाही. दुसऱ्या हाताचा अंगठा त्यावर ठेवून पुन्हा दाबला. ओठ आवळले गेले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. शेवटी त्यांनी बटण काउंटरच्या कडेवर टेकवून रेटलं, तेव्हा कुठे खटकन उजेड पडला. दुकानदार भला माणूस. मागच्या फळीवर काहीतरी शोधायचं आहे असं दाखवून तो पाठमोरा झाला.

सून हळू आवाजात म्हणाली, “आई, त्या दिवशी बॅटरी बिघडलीच नव्हती ना?”

बाई स्टुलावर बसल्या. भुवईवरची पट्टी उगाच चाचपली.

“तिला काय धाड भरलीये? ठणठणीत आहे ती. बिचारीला बोलता येत नाही, म्हणून तिच्यावर ढकललं.” त्यांनी अंगठा उलटासुलटा करून पाहिला. सांध्यापाशी तो सुपारीसारखा फुगला होता. “जन्मभर दोन शब्दांमध्ये जागा सोडायचं काम ह्याचं. आता संपावर गेलाय.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तू त्याची बायको.”

“आणि तुमची कुणीच नाही?”

खाली बघत बाई म्हणाल्या, “त्याला कळलं तर उद्याच कुलूप लावेल गं. त्या घरात मला रात्री पाणी प्यायला उठले तरी डोळे उघडावे लागत नाहीत. तुमच्याकडे सगळं चांगलंच आहे. पण तिथे मी पाहुणी.”

सुनेने क्षणभर विचार केला आणि दुकानदाराला हाक मारली. “दादा, बटण दाबावंच लागणार नाही अशी एखादी असते का हो?”

“आधीच नाही का सांगायचं!” तो म्हणाला आणि आतून एक खोकं घेऊन आला. भिंतीला एक चौकट ठोकायची, बॅटरी तिच्यात अडकवून ठेवायची. तिथेच ती चार्ज होते. उचलली की आपोआप लागते, परत ठेवली की विझते. वीज गेली तर जागच्या जागी स्वतःच पेटते, म्हणजे चाचपडायला नको. रंग मात्र भडक नारिंगी.

बाईंनी ती उचलली. उजेड पडला. ठेवली, विझला. पुन्हा उचलली. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली तरी त्यांचा खेळ चालूच होता. मग त्यांनी दुकानामागची माल ठेवायची अंधारी खोली मागून घेतली आणि खोक्यांच्या रांगांमधून एकट्याच फिरून आल्या.

“पायापुढचं नीट दिसतं,” त्या म्हणाल्या. “रंग तेवढा अवतार आहे.”

“अंधारात कोण बघतंय?” सून म्हणाली, आणि दोघीही मोठ्याने हसल्या.

संध्याकाळी मुलगा ड्रिल मशीन घेऊन बाईंच्या घरी आला. सून काही बोलायच्या आत बाईच म्हणाल्या, “बॅटरी बिघडली नव्हती रे. माझ्या अंगठ्याने बटण सरकेना, म्हणून अंधारात उतरले. मी खोटं बोलले.”

मुलाने स्टीलची बॅटरी उचलली, बटण सरकवलं. भिंतीवर पिवळा उजेड पडला. त्याने बटण परत मागे ओढलं.

“मग कशी राहणार तू इथे?”

“अंगठा गेलाय. मी आहे अजून.”

“नळांना दांडीच्या तोट्या बसवून घेऊ,” सून म्हणाली. “कडीसुद्धा बदलू. आणि आई, पुढे काही अडलं तर आधी मला सांगायचं.”

“सांगेन. नक्की सांगेन,” बाई म्हणाल्या.

मुलाने एकदा आईकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. दोघींची एकजूट त्याने ह्याआधी कधी पाहिली नव्हती. मग खिशातून पेन्सिल काढून तो जिन्याच्या दाराशेजारच्या भिंतीपाशी गेला.

“किती उंचीवर लावू?”

बाई पुढे झाल्या. हात सहज जाईल तिथे त्यांनी भिंतीवर तळवा टेकवला. त्याने पेन्सिल त्यांच्या बोटांपाशी आणली.

“इथे?”

“अजून जरा खाली घे,” बाई म्हणाल्या. “पुढच्या वर्षांचाही विचार करायला हवा.”

त्याने पेन्सिल वीतभर खाली नेली आणि तिथे खूण केली.