व चा च

परसातलं तळं त्या वर्षी असं हिरवं झालं, जणू कुणी घमेलंभर कोथिंबीर वाटून ओतली. हात मनगटापर्यंत बुडवला तर बोटं दिसेनात, मग मासे कुठले दिसायचे! आणि मासे दिसेनासे झाले तसा मोठ्या बाईंच्या जिवाला घोर लागला.

गल्ली त्यांना पाठीमागे तोफ म्हणायची. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. आता तोफेने शेवाळाला कशाला भ्यावं? पण भीती शेवाळाची नव्हतीच, नवऱ्यासाठी होती. नवरा गवंडी. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती उभ्या केल्या आणि म्हातारपणी हौसेने स्वतःसाठी एवढं तळं बांधलं, एकेक दगड हाताने बसवून. दीड वर्षापूर्वी त्यांचं उजवं अंग लुळं पडलं. वाचा गेली. सगळे शब्द गेले, एक तेवढा मागे राहिला. सकाळी मागच्या दाराशी खुर्चीत बसवलं की ते पाण्याकडे बघत राहायचे. तळ्यात एक जुना मासा होता, हातभर लांब, तोंडाशी मिशा, म्हणून त्याचं नाव मिशाळ. मिशाळ वर आला की गवंडी डावा हात उचलून म्हणायचे, "आला!"

दिवसातून तीन-चारदा हा एवढाच शब्द. बाई स्वयंपाकघरातून ओ द्यायच्या, "आला ना? मग सांगा त्याला, पाय पुसून आत ये!"

पाणी हिरवं झालं आणि तो शब्दही त्यात बुडाला. तीन आठवडे गवंडी खुर्चीत बसायचे, थोडा वेळ बघायचे, मग मान भिंतीकडे फिरवायचे. भरवलेला घास तोंडात तसाच धरून ठेवायचे.

बाईंनी काय कमी केलं? जुन्या चाळणीने शेवाळ उपसलं. निम्मं पाणी काढून नवं भरलं, तर चार दिवसांत तळं पहिल्याहून हिरवं, जसं काही खाऊनपिऊन माजलंय.

"आई, तळ्यावरच्या झाडाच्या फांद्या आपण छाटल्या ना, तिथून हे सुरू झालं," सून म्हणाली. "आता दिवसभर ऊन पडतं पाण्यावर."

"आपण कशाला म्हणतेस? सरळ म्हण की मी छाटल्या. पडलेली पानं रोज मी काढत होते, तू नाही."

सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिथे जगाचे डोळे तपासते आणि घरी येऊन माझे दोष, असं बाई म्हणायच्या. ती वादात पडली नाही. शोभेच्या माशांच्या दुकानात गेली, औषधाची पिशवी घेऊन आली आणि दुकानदाराने सांगितलं ते एका चिठ्ठीवर लिहून पिशवीला टाचून ठेवलं. "परवा माझी सुट्टी आहे, आई. तेव्हा टाकते. तोवर हात लावू नका."

हात लावू नका! ते ऐकूनच बाईंचे हात शिवशिवले. आणि परवा म्हणे. उपाशी माणसाला परवाचं जेवण.

दुसऱ्या दिवशी सून कामाला गेल्यावर त्यांनी चिठ्ठी उजेडात धरली. बाईंची शाळा दोन इयत्तांची, आणि हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. काही वाचायची वेळ आली की चष्मा सापडायचा नाही. सुनेने दुकानातून दोनदा नवा चष्मा आणून दिला, दोन्ही आठवड्याच्या आत हरवले.

पहिलं अक्षर पा. ते चोख ओळखलं. दुसरं घाईत खरडलेलं, पण त्याचा च लागला. मग किलो. पाच किलो! पिशवीही पाच किलोचीच. टाळीला टाळी मिळाली. पुढे 'अर्ध्या तळ्यात, उरलेल्या अर्ध्यात पंधरवड्याने' असलं जोडाक्षरांचं जंगल होतं. त्यात शिरायची गरज बाईंना वाटली नाही. पदर खोचून त्यांनी तळ्याभोवती फेऱ्या मारल्या आणि पिशवी पार झटकून रिकामी केली.

संध्याकाळी सुनेला पिशवी दिसेना.

"टाकलं मी," बाई म्हणाल्या. "तुझ्या सुट्टीची वाट बघितली असती तर यांना मासा पुढच्या जन्मी दिसला असता."

"किती टाकलंत?"

"तू लिहिलंस तेवढं."

सुनेला हायसं वाटलं.

सकाळी बाई चूल पेटवत होत्या आणि मागच्या दारातून हाक आली, "आला!"

बाईंच्या हातातली काडी तशीच विझली. "आला! आला! आला!" गवंडी डावा हात झेंड्यासारखा हलवत होते. बाई धावत गेल्या. पाणी राखाडी, गढूळ झालं होतं, आणि मासे सगळेच्या सगळे वर आले होते. मिशाळ अगदी काठाशी. तोंडं आ वासून जणू गाणं म्हणत होते.

"बघ!" बाई आत बघून ओरडल्या. "ये, बघून घे तुझ्या दुकानदाराला! तुमचं परवा, माझं आज!"

सून आली. पाण्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, ते श्वासासाठी वर आलेत. गुदमरताहेत."

तिने दुकानदाराला फोन लावला. शेवाळ असं एकदम मेलं की सडताना पाण्यातली सगळी हवा खाऊन टाकतं, तो म्हणाला. उंचावरून पाणी ओता, ओतत राहा. दोघी बादल्या घेऊन भिडल्या. नळी लावली. बाईंचे खांदे भरून आले, पण थांबल्या नाहीत. एकेक मासा आडवा होत गेला. दर खेपेला मिशाळचं तोंड उघडायचं आणि खुर्चीतून आवाज यायचा, "आला!" तो आनंद ऐकवत नव्हता.

दुपारी मिशाळ कुशीवर कलंडला. एकूण एकोणीस मासे होते, चार छोटे वाचले.

संध्याकाळी परगावाहून मुलाचा फोन आला. सुनेने तो मधल्या टेबलावर ठेवून स्पीकरवर लावला आणि चिठ्ठीपासून झालं ते सगळं सांगितलं.

"पाव आणि पाच कळू नये?" मुलगा बायकोवर तडकला. "तुझं अक्षर म्हणजे कोंबडी नाचली कागदावर!"

"हो," सून हळूच म्हणाली. "घाईत लिहिलं मी. माझंच चुकलं."

बाई भाजी निवडत बसल्या होत्या. गप्प राहिलं की झालं. तोफेने एकदाच गप्प राहायचं होतं, आणि दोष सुनेच्या पदरात आयताच पडला होता. त्यांनी दोन देठ मोडले. तिसरा मोडवेना.

"अक्षर बरं आहे तिचं," त्या फोनकडे न बघता म्हणाल्या. "वाचणारीला वाचता येत नाही."

"आई, तुमचा चष्मा सापडत नव्हता ना," सून घाईघाईने म्हणाली.

"दोन्ही चष्मे तांदळाच्या डब्यात आहेत. चष्मा डोळ्यांना लागतो गं, अडाण्याला लागून काय उपयोग? लोकांनी ध चा मा केला, मी व चा च केला."



बाई उठून मागच्या दाराशी गेल्या. गवंडी अजून तिथेच होते. पाणी निवळायला लागलं होतं, काठचे दगड वीतभर खोल दिसत होते. गवंड्यांनी डावा हात अर्धा उचलला आणि दीड वर्षात पहिल्यांदाच तो शब्द प्रश्नासारखा विचारला.

"आला?"

पाय पुसायचा विनोद बाईंच्या जिभेवर आला नाही. त्या उंबऱ्यावर टेकल्या.

"नाही आला," त्या म्हणाल्या. "मी मारला त्याला. मी."

गवंड्यांचा हात खाली आला. बाईंच्या खांद्यावर नाही, खुर्चीच्या दांडीवर. पण मान त्यांनी भिंतीकडे फिरवली नाही. चार छोटे मासे कुठल्या दगडाआड होते, ते शोधत दोघं अंधार पडेपर्यंत पाण्याकडे बघत बसले.