प्रिमरोझ गाईचे मागचे पाय

मित्रांनो, मी एक जुनी गाय आहे. दचकू नका, मी कधी दूध दिले नाही आणि कुणाला शिंगही मारले नाही. मी कापडाची आहे. जाड्याभरड्या कापडावर तपकिरी-पांढरी लोकर, कागदाच्या लगद्याचे डोके आणि दोरी ओढली की मिटणाऱ्या पापण्या, एवढाच माझा संसार. इंग्लंडच्या उत्तरेला समुद्रकाठी स्कार्थवे नावाचे गाव आहे. तिथल्या धक्क्यावरच्या थिएटरात कपडेपट सांभाळणाऱ्या प्रॉक्टरबाईंनी मला शिवले आणि माझे नाव प्रिमरोझ ठेवले.

नाताळ आला की त्या थिएटरात मुलांसाठी पँटो लागे. राजा, राक्षस, गाणी, आणि मुलांनी खुर्चीवर उभे राहून घसा फोडून ओरडायचे, असा तो खेळ. आमच्या खेळात एक गरीब बाई घरातली गाय विकायला काढते. ती गाय म्हणजे मी. माझ्या पोटात दोन माणसे असत. पुढे सिरिल ऑग्डेन आणि मागे त्याची बायको विनी. सिरिलला माझ्या तोंडातून सगळे दिसे. विनीने मात्र कमरेत वाकायचे, सिरिलच्या कमरेचा पट्टा घट्ट धरायचा आणि त्याच्या टाचा बघत चालायचे. तो नेईल तिकडे ती जाई. इतका विश्वास मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

पण हशा कुठून येत असे, ते मी सांगते. तो मागून येत असे. बाजाराला निघायची वेळ झाली की माझे पुढचे पाय चालू लागत आणि मागचे पाय दूध काढायच्या तिवईवर बसकण मारत. सिरिल ओढ ओढ ओढायचा, मी हलायची नाही. मग विनी सावकाश एका पायावर दुसरा पाय टाकायची, एखादी बाई चहाला बसावी तशी, आणि शेपटी झटकायची. सगळे थिएटर डोक्यावर घेतले जाई. लहान मुले ओरडत, "नको विकूस तिला!" मला नाटकात रोज विकत आणि रोज कुणीतरी माझ्यासाठी रडे. मला ते फार आवडायचे.

ही सगळी करामत विनीला सुचलेली. दोघे राहत त्या खानावळीच्या स्वयंपाकघरात कोळशाच्या पेटीवर बसून ती ते पाय टाकणे घोटून घेई. सिरिल रंगमंचावर जेवढा खेळकर, तेवढाच घरी घुम्मा. कागदात गुंडाळलेला तळलेला मासा खात तो भिंतीकडे बघत बसे. आपण असेच गाईच्या पोटात म्हातारे होणार, या धास्तीने त्याला झोप लागत नसे. विनी त्याचे मोजे शेगडीवर वाळवी आणि त्याची समजूत काढी.

त्या थिएटरात एक रीत होती. पडदा पडताना सगळे नट पुढे येऊन वाकत, पण गाईने डोके काढायचे नाही. मुलांना गाय गायच वाटली पाहिजे. राक्षसाने मुखवटा काढला तर चालेल, गाईने नाही. त्यामुळे इतक्या वर्षांत विनीचा चेहरा प्रेक्षकांनी कधीच पाहिला नव्हता. सिरिल आधीच्या एका नाटकात विदूषक झाला होता, त्याला थोडेफार लोक ओळखत. विनीला मात्र बाजारात भाजीवालीसुद्धा ओळखत नसे. तिने कधी कुरकुर केली नाही. फक्त एकदा, माझ्या पोटातच, दोघे आपल्या प्रवेशाची वाट बघत उभे असताना तिने विचारले होते, "आपण कायमचे असेच का रे?"

"नाही गं वेडे," सिरिल म्हणाला होता. "ज्या दिवशी ही गाय सोडू, त्या दिवशी रीत गेली खड्ड्यात. दोघं एकदम बाहेर येऊ. आधी तुझा चेहरा, मग माझा."

मी ते ऐकले होते. तिनेही ते मनात जपून ठेवले होते.

मग एका हंगामाच्या शेवटच्या खेळाला लंडनहून टेलिव्हिजनचा एक गृहस्थ आला आणि पहिल्या रांगेत बसला. तो येणार हे सिरिलला आधीच ठाऊक होते. त्याने विनीला एवढेच सांगितले, की आजचा खेळ आपला शेवटचा, आज गाय सोडायची. विनीला वाटले, वचनाचा दिवस आला. माझ्या आत भट्टीसारखे उकडते, पाच मिनिटांत घामाने केस चिकट होतात, हे तिला पक्के माहीत होते. तरी त्या दिवशी तिने केस कुरळे करून घेतले आणि ओठांना लाली लावली. त्या लालीचा डाग माझ्या अस्तराला आजही आहे.

खेळ झकास रंगला. तिने इतका सावकाश पाय टाकला, की लोक हसून हसून दमले. शेवटी सगळे वाकायला उभे राहिले. विनी तिवईवर बसून होती. तिने सिरिलचा पट्टा सोडला आणि दोन्ही हातांनी केस नीट केले. माझ्या पोटापाशी हुकांची रांग होती. सिरिलने ते हुक भराभर काढले. मला वाटले, आता तो तिचा हात धरील.

तो एकटाच पुढे गेला. माझा अर्धा भाग अंगात आणि माझे डोके काखेत. मागे तिवईवर माझे उरलेले अर्धे अंग, आणि त्यात विनी. पुढच्या रांगेतले एक पोर रडू लागले.

"मंडळी, गाईचे पुढचे अंग माझे होते बरं का," सिरिल हसत म्हणाला. "मागचे काही विचारू नका."

लोक खो खो हसले. तो लंडनचा गृहस्थही हसला. मित्रांनो, माझे दोन तुकडे केले याचे मला इतके दुःख झाले नाही. आयुष्यभर मी लोकांना हसवले, पण त्या दिवशीचे हसणे मला विषासारखे लागले.

विनी बाहेर आली नाही. पडदा पडल्यावर प्रॉक्टरबाई धावत आल्या.

"पडदा पडला का?" आतून विनीने विचारले.

"पडला गं बाई."

"मग काढा मला."

सिरिल लंडनला गेला तो गेलाच. पुढे त्याने दुसरे लग्न केले, आणि टेलिव्हिजनवर त्याचे नाव घराघरात पोहोचले. विनी कपडेपटात शिवणकाम करू लागली. एके संध्याकाळी ती माझा फाटलेला गुडघा हिरव्या लोकरीने रफू करत होती. कोपऱ्यातल्या टेलिव्हिजनवर सिरिलची मुलाखत चालू होती. गाईच्या मागच्या पायात कोण असायचे, असे त्याला विचारले. तो म्हणाला, "असायचा कुणीतरी. ज्याला दुसरे काम नसेल तो." प्रॉक्टरबाईंनी उठून टेलिव्हिजन बंद केला. विनीने रफू पूर्ण केले आणि दोरा दाताने तोडला. मला मात्र वाटले, माझे डोके जर माझ्या ताब्यात असते, तर मी त्या दिवशी त्याच्या काखेतून खाली पडून फुटले असते.

पुढे थिएटर बंद पडले, सिरिलही वारला. गावाने त्याच्या आठवणीसाठी एक खोली केली आणि मला तिथे ठेवले. पाटीवर लिहिले, 'सिरिल ऑग्डेन यांची गाय.' माझ्या डोक्यात आणि छातीत चांगला पेंढा भरला. मागच्या भागात भरायला तो पुरला नाही. मला तिवईवर टेकवले आणि मागचे पाय रिकाम्या पिशव्यांसारखे लोंबत राहिले.

एक दिवस तिथे शाळेची मुले आली होती. ती कंटाळून जांभया देत होती. त्यांच्या मागून एक म्हातारी काठी टेकत आली. मी तिला हातांवरून ओळखले. तिने पाटी वाचली. मग माझ्या मागे येऊन हिरव्या रफूवर बोट फिरवले.

"आजी, हात लावू नका," रखवालदार म्हणाला. "सिरिलसाहेबांची आहे ती."

"पुढची असेल त्यांची," विनी म्हणाली.

तिने काठी भिंतीला टेकवली. माझा एक रिकामा पाय उचलला आणि अगदी सावकाश दुसऱ्या पायावर टाकला. मग शेपटीला हलकेच झटका दिला.

मुले हसली. पोट धरून हसली. विनी वळून त्यांच्याकडे बघत राहिली. हसणाऱ्या लोकांकडे तिला तोंड करून उभे राहता आले, ते आयुष्यात पहिल्यांदाच. मग काठी घेऊन ती निघून गेली. रखवालदाराने माझा पाय पुन्हा सरळ केला नाही.

मित्रांनो, तुम्ही कधी स्कार्थवेला आलात, तर माझ्या तोंडाकडे फार वेळ बघू नका. त्याचे कौतुक पुष्कळ झाले. पाटी तर खोटेच बोलते. आधी माझ्या मागे या. तिथे एक हिरवे रफू आहे, आत अस्तराला लालीचा डाग आहे, आणि एका पायावर दुसरा पाय आहे. तो तिथे कुणी ठेवला, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.